चित्रं तिची, संवाद माझे

२ जून, सकाळ

मला मालिकेतून काढलेलं नाही. मी विश्रांती घेतोय. चॅनलच्या बाई एवढंच म्हणाल्या, की सासूच्या नटीला आता एका दमात इतकं बोलवत नाही, आणि नटी बदलण्यापेक्षा संवादलेखक बदलणं स्वस्त पडतं. नऊशे एपिसोड केले त्याचं हे फळ. असो. कडू वगैरे काही वाटत नाही.

आणि काम काय, चालून येतं. आजच एका चित्रकार बाईचा फोन आला. तिशीची असेल. जपानी पद्धतीचं कॉमिक काढतेय, संवाद हवेत. दोन पुरुषांची प्रेमकथा. तिकडे दुकानात म्हणे अशा पुस्तकांचं वेगळं कपाटच असतं, आणि वाचतात जास्त करून बायका. मी म्हटलं, प्रेमात कोण का पडेना, संवाद खणखणीत पाहिजेत. ती म्हणाली, आधी पुस्तकं पाठवते, ती वाचा. भारावली असावी.

संध्याकाळी समोरच्या घरातल्या पक्कडला सांगितलं. तो माझ्या मोरीचा नळ खोलून बसला होता. 'बरं' म्हणाला. बस्स, 'बरं'. समोरच्या दारातून रोज यायचं, काहीतरी खोलायचं, परत जोडायचं, चहा प्यायचा आणि जायचं. इतकी वर्षं हेच. खिशात कायम पक्कड असते म्हणून मीच हे नाव ठेवलं. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो. बंद लिफ्टमध्ये एकटं बसून बसून माणूस घुमा होत असेल.

५ जून

चित्रकारीणबाईंनी अभ्यासाला पुस्तकं पाठवली. एक संपवलं. पहिल्याच पानावर दोघं एका घरात सुखाने नांदतायत. मग हळूहळू दुरावतात, अवघडतात, आणि शेवटच्या पानावर जिन्यात उभे राहून एकमेकांचं नाव विचारतात. काय भेदक शेवट! लगेच फोन लावून तिला अर्धा तास विश्लेषण ऐकवलं.

ती म्हणाली, की ही पुस्तकं उजवीकडून उघडतात.

मी म्हटलं, माहीत आहे, मी मुद्दाम उलटं वाचून रचना तपासत होतो. पटलं तिला.

८ जून

सगळी वाचली. सुलटी. आता या प्रकारावर माझा अधिकार आहे असं म्हणायला हरकत नाही.

तक्रारी भरपूर. एक तर हनुवट्या. त्यांनी पाकीट फाडता येईल. बोटं इतकी लांब, की हा माणूस शर्टाचं बटण लावतो कसा? दोघांतला फरक केसांवरून ओळखायचा, एकाचे शाईने काळे भरलेले, दुसऱ्याचे कोरे. खोलीत एक कुंडी नाही आणि नजरानजर झाली की मागे ढीगभर फुलं.

पण खरी बोंब गोष्टीची आहे. काही घडतच नाही! एका आख्ख्या प्रकरणात एक जण दुसऱ्याला संत्रं सोलून देतो. चौकटी कसल्या, तर हात. फोड. खिडकी. परत हात. नुसता कान. मग एक रिकामी चौकट. पैसे घेऊन रिकामी चौकट छापतात! तेवढ्या पानांत मी दोन लग्नं मोडून एकाची स्मृती घालवली असती. आणि कळस म्हणजे शांततेलासुद्धा आवाज लिहितात. कोणी बोलत नसलं की शांततेचा म्हणून एक खास शब्द मोठ्या अक्षरांत. हे लोक न बोलण्यावर एवढी मेहनत घेतात, त्यापेक्षा बोलून मोकळे का होत नाहीत?

हे सगळं मुद्देसूद लिहून काढलं. त्या नादात पक्कडने कापून ठेवलेलं सफरचंद काळं पडलं. फेकून दिलं त्याने, आणि दुसरं कापलं.

१२ जून

पहिला प्रसंग पाठवला. गॅलरीत दोघं प्रथमच मोकळे होतात. चार पानी संवाद, मध्ये एक स्वगत.

उत्तर आलं. म्हणे हे सगळं संवादाच्या फुग्यांत घातलं तर दोघांचे चेहरे झाकले जातील, फक्त एक कोपर दिसेल. मी म्हटलं, मग कोपर छान काढ. तिने तीन वाक्यं ठेवली. तीन! त्यातलं एक 'हं'.

उद्यापासून तिला कथाकथन शिकवायचं. पायापासून.

१६ जून

बाईंना घरी बोलावलं. समोरासमोर बसून काम केल्याशिवाय असल्या लोकांना वळण लागत नाही. मी 'संघर्षाचं महत्त्व' हा विषय घेतला होता. ती माझ्याकडे बघतच नव्हती. पक्कड टेबललॅम्पची वायर बदलत होता, आणि ही बसली त्याचे हात काढत. पानंच्या पानं हात. वायर सोलताना, स्क्रू ओठात धरून, माझा चहाचा कप कागदांपासून लांब सरकवताना. त्याने हरकत घेतली नाही, फक्त कान लाल झाले. मी इथे समोर बसलोय, चेहऱ्यावर नाना भाव आहेत, त्यांची कोणाला गरज नाही.

निघताना म्हणाली, की गोष्ट बदलतेय. आता एक हीरो लिफ्ट दुरुस्त करणारा.

१८ जून

नवी पानं बघितली. लिफ्टवाला छान उतरलाय, मान्य. दुसरा मात्र साफ फसलाय. डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधतो आणि तोंडाचा पट्टा चालूच. पुढे आलेले कान. मी तिला विचारलं, असा माणूस जगात असतो का, आणि असला तर कोणाला आवडेल? ती म्हणाली, एकाला आवडतो.

पात्ररचना कच्ची आहे. मोठं पत्र लिहून कळवायला हवं. चष्मा सापडला की लिहितो.

२१ जून

कामाचं काहीच नाही.

पक्कडची कंपनी इथली शाखा बंद करतेय. तो लवकर निवृत्ती घेणार म्हणाला. धाकट्या बहिणीचं घर आहे, बसने दिवसभराच्या अंतरावर, तिथे खालची खोली रिकामी आहे. चौदा जुलैला जायचं म्हणतोय. हे सगळं त्याने माझ्या पॅसेजमधला बल्ब बदलता बदलता सांगितलं. एका दमात इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मग विचारलं, तुला काय वाटतं?

मी म्हटलं, मला काय वाटायचंय. मग पॅकिंगचं नीट समजावून सांगितलं. जड सामान तळाशी, काचेचं कपड्यांत, आणि तिकडची हवा कोरडी असते, तेव्हा पाणी भरपूर प्यायचं. तो जुना बल्ब हातात धरून बराच वेळ स्टुलावर उभा होता. उतरायचं विसरला असावा.

२२ जून

लिहिणं जमलं नाही. उकाडा. पॅसेजमधला नवा बल्ब उगाच फार प्रखर आहे.

२७ जून

आज मात्र हद्द झाली!

शेवटचा प्रसंग. लिफ्टवाला शहर सोडून चाललाय, चष्मेवाला त्याला स्टेशनवर गाठतो. मी जीव ओतला. अकरा पानं. बालपण, पाऊलखुणा, काळाचं चक्र, सगळं आलं. वाचून मलाच रडू आलं.

तिने एक शब्द ठेवला. 'थांब.'

फोनवर कडाक्याचं भांडण. ती म्हणाली, की या गोष्टींत वाचणारी शेवटचं पान उलटताना श्वास रोखून धरते, आणि उलटल्यावर तिथे एवढं एकच हवं असतं. मी म्हटलं, एका शब्दाला संवाद म्हणत नाहीत, रस्त्यावरच्या बोर्डावरही तेवढं लिहिलेलं असतं. त्यावर तिने विचारलं, की तुम्हाला कधी कोणाला थांबवावं लागलं तर किती शब्द लागतील?

मी म्हटलं, हा प्रश्न खाजगी आहे आणि गैरलागूही. फोन ठेवला. मग आठवलं की चांगलं उत्तर देता आलं असतं, ते इथे लिहून ठेवणार होतो, पण आता सुचत नाहीये.

३ जुलै

ताईचा फोन. पक्कड चाललाय हे तिला कुठून कळलं कोण जाणे. मी म्हटलं, शेजारी आहे, शेजारी येतात नि जातात. तिने विचारलं, गेल्या वर्षी तुझं ऑपरेशन झालं तेव्हा उशाशी कोण बसलं होतं, शेजारधर्म का? आणि तू त्याला थांबवत का नाहीस? मी म्हटलं, तो माणूस आहे, लिफ्ट नाही, बटण दाबून थांबवायला. ती म्हणाली, की लहानपणीही मी असाच होतो, शाळेत पाणी प्यायला जायचं तर बाईंना निबंध ऐकवायचो, आणि निबंध संपेपर्यंत सुट्टी संपायची.

ताईला साहित्यातलं काही कळत नाही.

मला तो जायला नकोय.

(वरचं वाक्य ढिलं आहे. पुन्हा लिहायचं.)

९ जुलै

ठरलं. उद्या त्याच्याशी बोलायचं. प्रस्तावना, मुद्दा, समारोप. तिसरा खर्डा उत्तम झालाय. बाथरूममध्ये म्हणून बघितला, आवाजही छान घुमतो. नऊशे एपिसोडांत दुसऱ्यांच्या तोंडी एवढं घातलं, स्वतःच्या तोंडी चार ओळी घालणं म्हणजे किरकोळ काम आहे.

१० जुलै, संध्याकाळ

तो आला. हातात चिठ्ठ्या आणि गोंद. मीटरच्या डब्यात प्रत्येक बटणाखाली एकेक चिठ्ठी चिकटवली. स्वयंपाकघर. पंखा. लिहायची खोली. त्याचं अक्षर इतकं सुरेख आहे हे मला आजच कळलं. मग पाणी कुठून बंद करायचं ते दाखवलं, दोनदा. मी प्रस्तावना सुरू केली. मैत्री या संकल्पनेचा थोडा इतिहास घेतला, कारण त्याशिवाय मुद्द्याला वजन येत नाही. तो गोंदाची बाटली हातात घेऊन ऐकत होता. एकदा म्हणाला, पुढे? मी म्हटलं, येतोय, येतोय.

मग सामान न्यायला माणसं आली आणि त्याला जावं लागलं. समोरच्या घरातलं कपाट जिन्यातून उतरताना भिंतीला घासलं. तो ओरखडा तसाच राहू दे.

प्रस्तावना कमी केली पाहिजे. चौदा तारखेला बसस्टँडवर बोलायचं. सार्वजनिक ठिकाणी मी जास्त खुलतो.

१४ जुलै

बस वेळेवर आली. बाकी कधी येत नाही.

सगळं पाठ होतं. सुरुवात सोपी असावी म्हणून आधी हवेचं घेतलं. मग ऊन कुठल्या बाजूला येईल ते सांगितलं. पाण्याची बाटली, गोळ्या, उतरल्यावर रिक्षावाला जास्त सांगतो ते. तो खिडकीत बसून माझ्याकडे बघत होता. नुसता बघत होता. मला आठवलं की त्या पुस्तकांत ही चौकट मी बघितलीये आणि कंटाळून पुढे गेलोय.

त्याने खिडकीची काच सरकवली आणि हात बाहेर ठेवला.

मी म्हटलं, हात आत घे, नियम आहे.

त्याने घेतला.

बस गेली. मी मुद्द्यावर आलोच होतो.

१५ जुलै

सकाळी उठून चित्रकारीणबाईंना फोन केला. म्हटलं, तुझं बरोबर होतं, तो शब्द तसाच ठेव. पुढे एक अक्षर नको. माझी हरकत नाही. ती म्हणाली, की पुस्तक छापायला गेलं, आणि शेवटी तोही शब्द काढला. चष्मेवाल्याने खिडकीतला हात धरलाय, तेवढं पुरतं. चित्रात सगळं दिसतंच.

म्हणजे आख्ख्या पुस्तकात माझं ते एक 'हं' राहिलं. ते पण तिने लिफ्टवाल्याला देऊन टाकलंय. माझं नाव मागे, 'विशेष आभार' खाली. त्याच्या वर 'एक लिफ्ट दुरुस्त करणारा'. वर!

तिने विचारलं, ते गेले का? मी म्हटलं, हं.

१६ जुलै

स्वयंपाकघराच्या खणात पक्कड सापडली. विसरला म्हणावं तर नीट फडक्यात गुंडाळून ठेवलीये. मोरीचा नळ गळायला लागलाय. पिळून बघितलं, जास्तच गळतो.

त्याला मेसेज लिहायला बसलो. फोनवर मावेना इतका झाला. कमी केला, अजून कमी केला. दोन तासांनी पाठवला. 'पोचलास का?' उत्तर आलं, 'हो.' मग तो बराच वेळ काहीतरी लिहितोय असं दिसत होतं. मग दिसायचं बंद झालं.

एक सफरचंद कापलं. फोडी वाकड्यातिकड्या. एकट्याला संपेनात, काळ्या पडल्या.

उद्यापासून कमी बोलायचं. तसं ऐकायलाही कोणी नाही.