कोपऱ्यातला खांब

रविवार, ११ जून २००६

तनुजास,

खुशाल असशील, असं धरून चालतो. इकडं सगळं ठीक.

लातूरला क्लासच्या जिन्यावर शिवशंकर सरांनी "हा कोण?" विचारलं आणि तू "गावाकडचा दादा हाय" म्हणालीस, तिथंच माझं सगळं फिरलं. कॉलेज त्याच आठवड्यात सोडलं. लोक म्हणतात, फिजिक्स झेपलं न्हाई. म्हणू देत.

तुझ्या लग्नातले गुलाबजाम लई चांगले होते म्हणे.

बातमी अशी की आमचं चार खणांचं घर चुलत्यानं तुझ्या नवऱ्याला, त्याच शिवशंकर सरांना, देऊन टाकलं. जागा न्हाई, लाकूड. शके १७९८ कोरलेली चौकट आणि सागाचे खांब त्याच्या नव्या क्लासच्या दाराशी उभे राहणार. गेल्या रविवारी बघायला आला होता. खांबावर हात फिरवत म्हणाला, "भिंती आधी पाडू. भूकंपात भिंती पडल्या, तरी वरचं मातीचं माळवद खांबांवर उभंच राहिलं की!"

"हाव जावईबापू," चुलता म्हणाला, "भिंत नुसती आडोशाला."

जावईबापू! मी चहाचे कप उचलले.

त्याचं खरं हाय. त्र्याण्णवच्या त्या पहाटे आम्ही सात माणसं या माळवदाखालून जिवंत निघालो. पण कोपऱ्यातला खांब बुडाच्या दगडावरून, तळखड्यावरून, निसटला होता. गावात सरणाला लाकूड उरलं न्हाई, तेव्हा आज्ज्यानं तो तुझ्या आजोबांच्या चितेला दिला. तुळईचं टोक नव्या भिंतीवर टेकवलं आणि घर लंगडं दिसू नये म्हणून तिथं फळ्यांचा खोटा खांब उभा केला. चुलता तेव्हा किनवटला नोकरीला. त्याला ठाऊक न्हाई. आज्जा गेला. आता मला ठाऊक हाय आणि तुला. त्या दुपारी घरात आपण दोघंच होतो, तेव्हा खांबाला टिचकी मारून हसली होतीस, "पोकळ हाय की रे, तुझ्यासारखा!"

परवा मंगळवारी तीच भिंत आधी पाडणार. तुझा नवरा म्हणतो, "मी स्वतः खाली उभा राहून लाकूड काढून घेतो."

मी गप्प बसणार होतो. खोटं कशाला सांगू? चार दिवस गप्पच होतो, झोपबी चांगली लागली. मग मलप्पा गवंडी माप घ्यायला आला, त्याच भिंतीला टेकून भाकरी खात बसला. त्याला सांगता आलं असतं. न्हाई सांगितलं.

तू सांग. नवऱ्याला सांग, कोपऱ्यातला खांब खोटा हाय, आधी तुळईला टेकू दे. तो विचारंल, तुला कसं ठाऊक? त्या घराचा उंबरा कधी ओलांडलाच न्हाई, असं त्याला सांगून बसलीस ना? मग काय सांगायचं, ते तू ठरव. मलप्पा येऊन गेल्यापासून मी रात्रंदिवस हेच ठरवत होतो. आता तुझी पाळी.

मल्लम्माकाकू उद्या लातूरला चाललीय, पत्र तिच्या हाती देतो. ते तुझ्याच हातात पडंल.

घर रिकामं झालंय. मी बाहेर पडतो. दार माझ्या हातानं लावून घेतो. उघडायचं तुझ्या नवऱ्यानं.

ग्यानोबा