तिघांचा बाक

१० नोव्हेंबर, सकाळी ८
सुलेखा यशवंत दाभाडे, तुला जाऊन आज चौतीस दिवस झाले. तुझा बालवर्ग तुझा पती या नात्याने मी चालवणार आहे, हे तुझ्या नावानिशी नोंदवतो. विहार समितीच्या विशाखाताईंनी खोली महिनाअखेरपर्यंत दिली आहे; मुले टिकली तर पुढेही मिळेल. मुले सात. मी बी.एस्सी. असल्यामुळे अडचण संभवत नाही.

११ नोव्हेंबर
तू गणित रेल्वेतून शिकवीत होतीस, असे पाच वर्षांच्या अदीबाने सांगितले. पद्धत सोपी दिसते. फळ्यावर जनरल डबा काढला. एका बाकावर तीन माणसे, समोरासमोर दोन बाक, एकूण किती? सम्यक म्हणाला, आठ. पट्टी टेबलावर आपटली, दोन तुकडे. मी रागावलो नव्हतो. लाकूड जुने होते.

१३ नोव्हेंबर
सम्यकचे पुन्हा आठ. त्याच्या कानशिलात दिली. एकच. अदीबाने माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. धनुर्वाताचे इंजेक्शन. सम्यकची आजी सरूबाई येऊन म्हणाली की, बाई असत्या तर त्यांनीच तुमचा हात मोडला असता, सर. आता पुन्हा लेकराला हात लावला तर मी मोडते. रविवारी मुलांना रेल्वेचा खरा डबा दाखवायला नेणार आहे; त्या सहलीला ती स्वतः सोबत येणार आहे. तिचा माझ्यावर विश्वास दिसतो.

१५ नोव्हेंबर
संकल्प : यापुढे हात उगारणार नाही. प्रत्यक्ष बाक पाहून मुले आपणहून सहा म्हणतील.

१६ नोव्हेंबर, दुपारी १, दौलताबाद स्टेशन
पॅसेंजर वेळेवर. दोन बाकांवर बरोबर सहा प्रवासी. मुलांना मोजायला सांगणार, तोच फकिरा नावाचा दूधवाला जरा सरका म्हणत चौथा बसला. समोर एक बाईही टेकली. मुलांनी एका सुरात मोजले : आठ. सम्यकने माझ्याकडे पाहिले नाही.
फकिराला उठण्याची विनंती केली. तो म्हणाला, काका, बाक काय तुमच्या नावावर हाय? इथं चौघंच बसत्यात. तुमच्या बाई तर मी बसलो की पोरांना म्हणायच्या, आता एक मिळवा.
मी त्याची कॉलर धरली. त्याने माझे नाक फोडले. मी छत्री चालवली. तिचा दांडा अदीबाच्या कपाळावर बसला. सरूबाईने स्टीलच्या डब्याने मला दोनदा हाणले. अदीबाला स्टेशनजवळच्या दवाखान्यात तीन टाके.
हा प्रसंग वगळता सहल उपयुक्त ठरली.

१७ नोव्हेंबर
एकही मूल आले नाही. बहुधा सोमवारमुळे.

१८ नोव्हेंबर
आजही नाही. अदीबाच्या घरी गेलो. तिचे आजोबा मजीदभाई म्हणाले, भाभी के खातिर चाय पिलातूं साब, बच्ची नक्को मांगो. चहा घेतला. अदीबा पडद्याआड होती. बाहेर आली नाही.

१९ नोव्हेंबर
रिकाम्या वर्गात तुझे स्टूल भिंतीवर फेकले. पाय निखळला. मग फळ्यावरचे सहा पुसून आठ लिहिले. पाहायला कोणी नव्हते.

२० नोव्हेंबर, सायंकाळी ६
समितीचा निरोप आला : खोली आजच रिकामी करावी. खोली झाडली. दाराला कुलूप लावले. किल्ल्या विशाखाताईंना परत केल्या.