शनिवारचा फोन येऊन जाईपर्यंत नंबर बंद न करण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी साहेब,
मोबाइल ग्राहक सेवा विभाग,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : अर्जदाराचा मोबाइल नंबर बंद करावा ही अर्जदाराचीच विनंती आपण मान्य केल्याने, ती तातडीने अमान्य होण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे नंबर बंद करण्याविषयीचे यापूर्वीचे सर्व अर्ज, ज्यांना उत्तर आले नाही.
२) आपल्या कार्यालयाचा आज सकाळचा संदेश, जो उत्तर म्हणून आला.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार पदवीधर असून व्यवसायाने शिंपी आहे. पदवी राज्यशास्त्राची आहे. कापड बेतताना तिचा उपयोग होत नाही, अर्ज लिहिताना होतो, म्हणून उल्लेख केला. अर्जदाराचे दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि बंद पडलेली पिठाची गिरणी यांच्या मधे आहे. दुकानात एक मशीन, एक इस्त्रीचे टेबल आणि अर्जदार एवढेच मावते. ग्राहक उंबऱ्यावर उभे राहतात.

२. उन्हाळ्याच्या अखेरीस अर्जदाराने आपल्या सेवा केंद्रातून नवा नंबर घेतला. केंद्रातील मुलगी म्हणाली, "काका, हाच घ्या. शेवटी चार शून्यं. असा नंबर नशिबाने सुटतो." नंबरासोबत एक प्लास्टिकचे कव्हर व एक काच मोफत मिळाली. काच चिकटवताना तिच्याखाली एक केस अडकला. तो केस कोणाचा, हा त्या वेळी अर्जदारापुढील सर्वांत गंभीर प्रश्न होता. त्याविषयी स्वतंत्र तक्रार केलेली आहे. ती अर्जदार आता मागे घेत आहे. केस राहू द्यावा.

नंबर लक्षात राहण्यासारखा असल्याने अर्जदाराने हौसेने तो दुकानाच्या कापडी पिशव्यांवर, दुकानाच्या पत्त्यासकट, मोठ्या अक्षरांत छापून घेतला. त्या पिशव्या आज गावभर भाजी आणायला जातात. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

३. नंबर सुरू झाल्यापासून फोन येऊ लागले. "आप्पा, नमस्कार" एवढे म्हणून माणूस थांबायचा. अर्जदाराने "कोण पाहिजे?" असे विचारले की पलीकडून "चूक झाली आप्पा, पुन्हा नाही होणार" असे म्हणून फोन ठेवला जायचा. एक जण नुसता रडला. कोणाचाही नंबर फोनवर दिसत नसे, त्यामुळे उलट फोन करून समजूत घालणे शक्य नव्हते. अर्जदाराने घरी हे सांगितले तेव्हा अर्जदाराची पत्नी म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा कोणी तुम्हाला घाबरतंय, तर तेही तुम्हाला पचेना."

हे आप्पा कोण, हे अर्जदारास आजही माहीत नाही. त्यांना फारसे कोणी पाहिलेले नसावे. ते फक्त फोनवर आणि थोडके बोलत असावेत. ते आता आहेत, नाहीत, की कुठे आत आहेत, हेही कळायला मार्ग नाही. त्यांचा नंबर रिचार्ज न झाल्याने सुटला आणि आपण तो अर्जदारास दिला, एवढे खरे. ज्या माणसापुढे सगळे चळचळा कापतात, त्याला "आप्पा, तुमचा रिचार्ज संपलाय" हे सांगायची कोणाची छाती झाली नसावी.

४. आता मूळ प्रसंग. शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेशांची घाई असते. त्या दिवसांत अर्जदार तोंडात टाचण्या धरून, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून, मशीन चालू ठेवून बोलतो. शिवणकामाच्या धंद्यात फोनवर ग्राहकाचे बोलणे ऐकायचे नसते. ग्राहक एकच गोष्ट विचारतो आणि त्याला एकच उत्तर द्यायचे असते, "हो हो, होऊन जाईल." अर्जदाराच्या वडिलांनी हेच शिकवले. शिवण नंतर शिकवली.

एका शनिवारी दुपारी फोन आला. पलीकडचा आवाज शांत होता. अर्जदार म्हणाला, "हो हो, होऊन जाईल." फोन ठेवला गेला. अर्जदाराने बाही जोडली.

सोमवारी कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचे दुकान उघडले नाही. मंगळवारीही नाही. चष्मेवाला म्हणजे गल्लीतला सर्वांत हट्टी माणूस; कोपऱ्यावरचा गाळा सोड म्हणून त्याला कोणीकोणी सांगून गेले होते आणि तो प्रत्येकाला डोळे तपासून घ्या म्हणाला होता. बुधवारी दुकानासमोर लोक जमले. झेरॉक्सवाला म्हणाला, त्याला कोणीतरी गाडीत घालून नेले. तेव्हा मशीनच्या आवाजात अर्धवट कानावर पडलेले ते वाक्य अर्जदारास आठवले, आणि ते असे होते : "आप्पा, चष्मेवाला गाळा सोडत नाही. घेऊन जाऊ का त्याला?"

अर्जदार इस्त्रीच्या टेबलाला धरून खाली बसला. इस्त्री चालू होती. एक गणवेश जळाला.

५. पुढच्या शनिवारी तोच आवाज आला. चष्मेवाला आमच्याकडे बसलाय, नीट जेवतोय, जेवणाला नावे ठेवतोय, असे त्याने सांगितले आणि पुढे काय करायचे ते विचारले. अर्जदाराच्या तोंडातल्या टाचण्या गळून पडल्या. अर्जदार म्हणाला, "थांबा." आवाज म्हणाला, "बरं आप्पा." तेव्हापासून दर शनिवारी फोन येतो, अर्जदार "थांबा" म्हणतो, आणि चष्मेवाला आणखी एक आठवडा जेवणाला नावे ठेवतो.

"सोडून द्या" असे का म्हटले नाही, हा प्रश्न आपणास पडेल. अर्जदाराने एकदा तसा प्रयत्न केलेला आहे. "आणि सोडून दिलं तर?" असे अर्जदार म्हणाला. त्यावर आवाज अगदी हळू म्हणाला, "आप्पा, तुम्हीच बोलताय ना?" अर्जदार खोकला आणि म्हणाला, "थांबा म्हटलं ना." असा आवाज अर्जदाराने आयुष्यात कोणावर काढलेला नाही. मशीनवरसुद्धा नाही.

६. अर्जदाराने पोलीस चौकीत जाऊन पाहिले. हवालदारांनी तक्रार घ्यायला कागद ओढला, नंबर विचारला. अर्जदार सांगत गेला, ते लिहीत गेले. शेवटच्या शून्यांपाशी त्यांचे पेन थांबले. मग ते उठले, स्वतःची खुर्ची अर्जदारास दिली, चहा मागवला, आणि म्हणाले, "आपण कशाला आलात, माणूस पाठवायचा." अर्जदाराने आपण शिंपी असल्याचे परोपरीने सांगितले. ते समजूतदारपणे मान हलवत राहिले. निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन आपल्या बदलीचे तेवढे बघा अशी विनंती केली. त्यानंतर अर्जदार चौकीच्या रस्त्याने जात नाही.

७. आपल्या सेवा केंद्रातही अर्जदार वारंवार गेला. नंबर बंद करा, एवढेच मागणे होते. नंबर बंद झाला की हे सारे संपेल, असे अर्जदारास वाटत होते, इतका अर्जदार भाबडा होता. प्रत्येक वेळी केंद्रातील मुलीने स्क्रीनकडे पाहून सांगितले, "काका, इथे तर तुम्ही समाधानी दाखवताय." याचे कारण असे, की आपल्या सेवेचा फोन येतो व समाधानी असल्यास एक दाबा असे सांगितले जाते. त्या दिवसांत अर्जदार फोनवर कोणालाही नाही म्हणण्याच्या मनःस्थितीत नव्हता. अर्जदाराने एक दाबला.

दरम्यान आपण न मागता अर्जदाराच्या नंबरावर लहान मूल खिदळत असल्याची कॉलर ट्यून सुरू केली. तिच्याविरुद्धही अर्जदाराची तक्रार आहे. परंतु गेल्या शनिवारी तो आवाज म्हणाला, "आप्पा, ते पोर हसताना ऐकलं की बरं वाटतं. म्हणजे तुम्ही खुशीत आहात." तरी ही तक्रारही मागे घेण्यात येत असून, मूल शनिवारपर्यंत हसते ठेवावे, ही विनंती.

८. त्याच फोनवर त्याने पुढे जे सांगितले, त्यासाठी हा अर्ज आहे. तो म्हणाला, पोरं कंटाळलीत, किती दिवस सांभाळायचं; येत्या शनिवारी शेवटचं विचारतो. मग सहज, चहा टाकू का विचारावे तसा म्हणाला, "आणि फोन बंद लागला तर तुमच्या पद्धतीनं. फोन बंद म्हणजे काम उरकायचं."

म्हणजे ज्या गोष्टीसाठी अर्जदार इतके दिवस आपले उंबरे झिजवत होता, ती घडली तर एक माणूस जिवानिशी जातो. अर्जदार सोमवारी धावत केंद्रात आला आणि सर्व अर्ज परत मागितले. मुलीने सांगितले, की तक्रार उघडी असेल तरच मागे घेता येते. आपली तक्रार समाधानाने बंद झाली आहे. अर्जदाराने ती पुन्हा उघडण्याची तक्रार केली. तिच्यावर काम सुरू आहे असे कळते.

आणि आज सकाळी आपला संदेश आला. त्यात फुगे आहेत. "आनंदाची बातमी! आपली विनंती मान्य झाली असून आपला नंबर उद्या, शुक्रवारी, कायमचा बंद होईल. आपल्याला सेवा देताना आनंद झाला."

९. काल दुपारी चष्मेवाल्याची बायको दुकानात आली. अर्जदाराने नुकत्याच, लोकांकडून परत मागवलेल्या पिशव्यांवरच्या नंबरावर काळ्या कापडाच्या पट्ट्या शिवायला घेतल्या होत्या. घाईघाईने सगळे टेबलाखाली ढकलले. तिने नवऱ्याची एक पँट पुढे केली आणि कंबर दोन बोटे आत घ्यायला सांगितली. बारीक झाले असतील, म्हणाली. मग विचारले, "कधी मिळेल?"

अर्जदाराच्या तोंडून, वडिलांनी शिकवलेले, निघून गेले : "शनिवारी. होऊन जाईल."

"नक्की ना?" ती म्हणाली. गल्लीतले कोणी अर्जदारास असे विचारत नाही, कारण सर्वांना उत्तर ठाऊक असते. अर्जदार पँटची कंबर पुन्हा मोजू लागला. तेव्हा तिने स्वतःच विषय बदलला. "भाऊ, चष्मा वाकडा बसलाय तुमचा," म्हणाली. "ते आले की सरळ करून देतील. पैसे घेणार नाहीत."

ती गेल्यावर अर्जदाराने गणवेश बाजूला सारून ती पँट आधी घेतली. कंबर आत घेतली, शिलाईत थोडे कापड जास्त सोडले, म्हणजे पुढे अंग धरले तर उसवता येईल. पँट तयार आहे. दारामागच्या खुंटीवर टांगलेली आहे. अर्जदार दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसतो, तरी ती दिसते.

१०. तरी मेहेरबान साहेबांनी पुढील गोष्टी मंजूर कराव्यात.

अ) नंबर शुक्रवारी बंद करू नये. शनिवारी दुपारचा फोन येऊन जाईपर्यंत चालू ठेवावा. अर्जदार आणखी काही मागत नाही.

ब) दुकानात रेंज येते-जाते; पक्की रेंज फक्त इस्त्रीच्या टेबलावर उभे राहिल्यास मिळते. अर्जदार शनिवारी सकाळपासून टेबलावर उभा राहील. त्या वेळात आपल्या टॉवरचे काही काम काढू नये.

क) त्या फोनवर अर्जदार "थांबा" म्हणणार नाही. "त्याला घरी सोडून या" असे, आप्पांच्या आवाजात, न खोकता म्हणणार आहे. दुकान बंद करून त्याचा सराव चालू आहे. वाक्य मोठे असल्याने शेवटी आवाज फाटतो. पलीकडून पुन्हा "तुम्हीच बोलताय ना?" असे विचारले जाईल. त्यावर "हो" म्हणायचे आहे. आयुष्यभर कशालाही हो म्हणत आलेल्या माणसाला हा एक हो जमावा, असे वाटते. न जमल्यास दुकान शोधणे अवघड नाही. पत्ता पिशव्यांवर आहे, आणि सगळ्या पिशव्या परत मिळालेल्या नाहीत.

ड) त्यानंतर नंबर ताबडतोब बंद करावा. त्यासाठी अर्जदाराच्या सहीची, हजेरीची किंवा समाधानाची वाट पाहू नये. आणि तो पुन्हा कोणाला देऊ नये. द्यावाच लागला, तर ज्याला नाही म्हणता येते अशा माणसाला द्यावा.

अर्जदाराने धंद्यात आजवर एकही वायदा दिलेल्या दिवशी पाळलेला नाही, हे गल्लीत कोणीही सांगेल. हा पाळायचा आहे, आणि तो आपल्या हातात आहे.

आपला नम्र, आणि शनिवारपर्यंत तरी आपलाच ग्राहक,
(सही)
शिंपी, मागची गल्ली

दिनांक : गुरुवार, दुपार

सोबत :
१) नंबर घेतल्याची पावती.
२) आजच्या संदेशाची झेरॉक्स, फुग्यांसह. (झेरॉक्सवाल्याने अभिनंदन केले.)
३) दुकानाची एक पिशवी, पट्टी शिवलेली. नंबर पाहायचा असल्यास उसवून पाहावी व पुन्हा शिवायला द्यावी.

ता. क. अक्षर तिरके गेले असल्यास क्षमा असावी. चष्मा वाकडा आहे. झेरॉक्सवाला स्क्रू पिळून देतो म्हणाला होता. अर्जदाराने त्याला हात लावू दिला नाही.