आतली पट्टी

सोमवार, ४ मार्च

मला शिकवते! कालची पोरगी, कामाला लागून जेमतेम सात महिने — आणि मला सांगते, "ताई, गठ्ठा जरा सैल बांधा. वाफ आत शिरायला नको का?" एकोणीस वर्षं या इस्पितळात ऑपरेशनचे गाऊन आणि चादरी बांधून वाफेवर निर्जंतुक करतेय मी. माझ्या गठ्ठ्यांच्या कडा दाखवून मोठ्या सिस्टर नव्या मुलींना सांगतात, काम असं हवं. हिचे गठ्ठे म्हणजे नुसती बोचकी! नखं लाल रंगवायची, रविवारी उपासना अर्धी झाली की मागच्या बाकावर येऊन टेकायचं. फुलपाखरू कुठलं! या रविवारी चर्चमध्ये मला साक्ष द्यायला सांगितलंय. विषय — अंतर्बाह्य शुद्धता. ऐकवतेच हिला.

बुधवार, ६ मार्च

व्हायचं तेच झालं. थिएटरमध्ये पेशंट टेबलावर, आणि गठ्ठा उघडला तर आतली पट्टी पांढरी! वाफ पोचली की ती काळी होते. बाहेरच्या टेपवर मात्र वाफ लागल्याच्या ठसठशीत काळ्या रेघा. ऑपरेशन चाळीस मिनिटं खोळंबलं, सर्जननी सगळ्यांना फैलावर घेतलं. बांधणारीच्या सहीची चिठ्ठी उघडतानाच फाटून कचऱ्यात गेलेली. मोठ्या सिस्टरनी आम्हा दोघींना विचारलं, कुणाचा हा?

मी खोटं बोलले नाही. काहीच बोलले नाही. फक्त तिच्या नखांकडे पाहिलं. मग सिस्टरनीही पाहिलं.

चौकशी होईपर्यंत फुलपाखरू घरी. जाताना डबा उचलला आणि ताठ मानेने गेली — तोरा बघा!

गुरुवार, ७ मार्च

सगळं एकटीने बांधलं. ना गाणी, ना खिदळणं. असंच हवं होतं.

रविवार, १० मार्च

साक्ष दिली. नाव घेतलं नाही. पण "बाहेरून रेघा काळ्या, आत पट्टी कोरी, अशीही माणसं प्रभूच्या घरात बसतात," म्हटलं आणि साऱ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. तिने हात ओढणीखाली लपवले. शेवटच्या प्रार्थनेआधीच तिची आई तिला घेऊन उठली. पाळकीणबाईंनी माझी पाठ थोपटली.

मग ताट अर्धं टाकून का उठले मी? मी काय कुणाचं घोडं मारलंय? नुसती चीड येते.

सोमवार, ११ मार्च

बुधवारनंतर थिएटरला जुनाच साठा जात होता. आज शुक्रवारचा गठ्ठा कपाटातून काढताना हातातून पडून सुटला. पट्टी पांढरी.

दुसरा उघडला. पांढरी. तिसरा — कडेला जराशी करडी, बाकी पांढरी. फुलपाखरू बुधवारपासून घरी आहे. हे सगळे माझे.

मेकॅनिकवर खेकसले, मशीन बिघडलंय तुझं म्हणून. त्याने तपासलं. ठणठणीत. मग कपाटाच्या तळाशी तिचं एक जुनं बोचकं सापडलं, ते उघडलं. पट्टी काळीकुट्ट. तो म्हणाला, "बाई, तुम्ही दगडासारखं आवळता. वाफ शिरणार कुठून?"

कपाटातला माझा एकूण एक गठ्ठा सोडला, सैल बांधून पुन्हा लावला. का, ते कुणाला सांगितलं नाही. त्या पहिल्या तीन पट्ट्या खिशात घालून घरी आले.

कडा! एकोणीस वर्षं कडांवरून हात फिरवत बसले मी! तिने सांगितलं होतं, तोंडावर, साध्या शब्दांत. आणि मी त्या दिवसापासून हट्टाने आणखीच आवळत गेले. आता बोलले तर माझी नोकरी जाईल, गप्प राहिले तर तिची. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. गुडघे टेकले आणि तिन्ही पट्ट्या समोर मांडल्या.

मंगळवार, १२ मार्च

तिन्ही पट्ट्या मोठ्या सिस्टरच्या टेबलावर ठेवल्या. तिच्या नखांकडे मी का पाहिलं, तेही सांगितलं. उद्यापासून ती कामावर. मी घरी.

तिथून पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, रविवारी बोलायला वेळ द्या. त्यांना नवल वाटलं. "तुमची साक्ष तर झाली की."

"ती तिच्याबद्दल झाली," म्हटलं. "माझी राहिलीय."