राहुकाळ टळल्यावर पाठवलेला आवाज

३ जून, मंगळवार
मामांचं ऑपरेशन ठरलं. पुढच्या बुधवारी, तिरुच्चीला. स्वरतंतूवर गाठ. साधीच आहे म्हणाले, देव पावला. पण आवाज पूर्वीसारखा येईलच, असं डॉक्टर काही कबूल करत नाहीत.

वैदेही, मामांची एकुलती, तिचं लग्न आवणीत, म्हणजे ऑगस्टअखेर. आमच्या घरात मंगलाष्टकं मामाच म्हणतात. माझ्या लग्नातही त्यांनीच म्हटली, भटजी शेजारी गप्प उभे. आणि आता स्वतःच्या लेकीच्या वेळी...

वेबपान करून देते. मामा म्हणतील, बटण दाबतील, आवाज माझ्याकडे पोचेल. मंगलाष्टकं तरी हवीतच. मला देवनागरी त्यांनी शिकवली, नाहीतर ही डायरीही तमिळमध्ये लिहीत बसले असते.

४ जून, बुध
सकाळी अकराला पान झालं. मामांच्या लॅपटॉपवर उघडून, लॉगिन करून दिलं. पान बंद करू नका म्हटलं.
मामा : "रेकॉर्ड करणं म्हणजे सराव गे. पाठवणं म्हणजे कार्य. कार्याला वेळ बघायची."
हसले मी. हसायला काय जातंय.

७ जून, शनि
माझ्या यादीत अजून काही नाही. फोन केला.
"रोज पाठवतो की गे! इथे प्रत्येक रेकॉर्डिंगपुढे 'पोचलं' लिहिलंय."
मला वाटलं, आवाज बसलाय म्हणून टाळताहेत आणि माझं मन राखताहेत. जरा चढ्या आवाजात बोलले. अम्मानं नंतर मला चांगलंच झापलं. बरोबरच होतं तिचं.

८ जून, रवि
अय्यो!! कळलं.

दुपारी फोनवर मामी सहज बोलून गेल्या : "सकाळी म्हणून ठेवतात, मग राहुकाळ टळेपर्यंत थांबतात, मग बटण दाबतात." राहुकाळ दीड तासाचा, आणि माझं लॉगिन तासाभराचं. पहिल्याच दिवशी ते संपलं. तेव्हापासून सर्व्हर मामांना रोज सांगतोय, "तुम्ही कोण? ओळखत नाही." आणि पानाचा निरोप्या जो फेच, त्याला त्याचं काहीच नाही! 'नाही' हेही त्याच्या लेखी उत्तरच. उत्तर होकाराचं की नकाराचं ते मी तपासायला हवं होतं. response.ok, एवढीशी ओळ. मी उत्तर आलं की स्टेटमध्ये, पानाच्या तात्पुरत्या साठ्यात, थेट 'पोचलं' लिहून मोकळी. नोकरीत दुसऱ्यांच्या कोडवर हेच शेरे मारते मी.

म्हणजे सगळे आवाज फक्त त्या उघड्या टॅबमध्ये. पान रिफ्रेश झालं की स्टेट कोरं. आणि पुन्हा म्हणायला सांगावं तर डॉक्टरांनी आजपासून गाणं बंद केलंय, हळू बोलायची तेवढी परवानगी.

मामींना फोन. "लॅपटॉपला हात लावू नका. झाकू नका. चार्जर लावा."
"धूळ बसते गे."
"बसू दे मामी!"

स्कूटर काढली. देवळाकडून बाजारात वळले तर ही गर्दी. पोचले तेव्हा पाच वाजत आलेले, रविवारचा राहुकाळ ऐन भरात. मामा हळूच म्हणाले, "सहापर्यंत थांब." दारातच रडू फुटायचं बाकी राहिलं. त्यात वीज तीनदा गेलेली.
"मामा, हे नवं काम नाही. बुधवारी सुरू केलंय, तेच पुढे चाललंय."
विचार केला त्यांनी. "सुरू केलेलं चालतं," म्हणाले. वाचवलं बाई.

पानाचा तो साठा, म्हणजे स्टोअर, बघायला सोपं जावं म्हणून मी विंडोवर, बाहेरून हात घालता येईल असा, अडकवून ठेवला होता. आळशीपणा. ऑफिसात त्यासाठी बोलणी खाल्लीत. आज त्याच आळशीपणाला हात जोडले. ब्राउझरचा कन्सोल उघडून एकेक रेकॉर्डिंग फाइल करून उतरवलं. पहिल्यात नुसता मामींचा मिक्सर. दुसऱ्यात मंगलाष्टकं. शेवटच्या 'सावधान'ला आवाज फाटला, मामा थांबले, खाकरले, पुन्हा म्हणाले. ते थांबणंसुद्धा आलंय.

मामी कॉफी घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या, पेला-डबरा हातात. मामांच्या पाया पडले. कशासाठी पडले ते त्यांनी विचारलं नाही.

९ जून, सोम
दुरुस्ती. पाठवलं की 'येतंय'. सर्व्हर हो म्हणाला तरच 'पोचलं'. नाही म्हणाला तर 'राहिलं', आणि शेजारी पुन्हा पाठवायचं बटण. लॉगिन आपोआप वाढतं. राहुकाळ, यमगंड, काय हवं ते येऊ दे.

११ जून, बुध
ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच. देवा, तुझे उपकार. मामांना तीन आठवडे मौन. मामी म्हणतात, "लग्नानंतर पहिल्यांदाच घरात माझं ऐकलं जातंय."

२ जुलै, बुध
वैदेही बंगळूरहून विचारतेय, लग्नात ते रेकॉर्डिंग लावायचं का? मामांना विचारलं. नाही म्हणून मान हलवली जोरात. फोनवर टाइप करून दाखवलं : "लेक माझी. यंत्र कशाला? थांबा." खाली : "तरी तू ठेवलंस. बरं वाटलं."
इतकं बोलून दाखवणारा माणूस नव्हे हा. घरी येताना सगळ्या रस्त्यानं डोळे पुसत आले.
उद्यापासून थोडं थोडं बोलायची परवानगी.

५ जुलै, शनि
सकाळी डोशाचं पीठ ढवळत होते, लॅपटॉप ओट्यावर. साडेदहा टळले आणि यादीत नवी ओळ आली. 'मामा. येतंय.' पिठाच्या हातांनी तशीच उभी. त्यांचं नेट हळू, एरवी मी चिडते. आज म्हटलं, येऊ दे सावकाश.

'पोचलं.'

बारा सेकंद. 'सावधान' म्हणायला एवढं लागत नाही. मंगलाष्टकाची एक ओळ म्हणायला लागतं.

अजून लावलं नाही. वैदेहीला फोन केला, अम्माला हाक मारली. अम्मा हात पुसत येतेय.