भिंतीवर बाबांचं नाव

मोनोपोली, मंगळवार

नुन्झियाताईस धाकट्या भावाचा नमस्कार,

मी ठीक आहे, जेवलोही आहे. ब्रिंदिसीला जहाज गाठायचं होतं, पण तिकडची पुढची गाडी संध्याकाळी होती, म्हणून इथे उतरून जुन्या बंदराकडे निघालो.

गल्लीच्या भिंतीवर मृत्यूची पत्रकं लावली होती. एकावर ठळक अक्षरांत बाबांचं नाव: वितो लोरुस्सो. वय आणि बायकोचं नाव वाचून हे दुसरेच कुणी हे कळेपर्यंत मी रडून मोकळा झालो होतो.

दारातल्या म्हातारीने विचारलं, "कुणाचा रे तू?"

"वितो लोरुस्सोंचा मुलगा."

म्हातारीने शेजारणींना हाका मारल्या. वारलेल्या वितोंना मूलबाळ नव्हतं.

बायकांनी मला धरून थेट विधवेपुढे उभं केलं. तिने माझं तोंड उजेडाकडे फिरवलं. "नाक त्याचं नाही. आणि आमच्या वितोला मोजेसुद्धा मी शोधून द्यायचे. हे असलं एकट्याने कुठलं जमतंय त्याला!"

मी सगळं सांगितल्यावर ती हसली. घरात चूल बंद होती. शेजाऱ्यांनी आणलेल्या पास्त्याचं ताट तिने माझ्यापुढे सरकवलं. "तुझा वितो जिवंत आहे ना? मग इथे काय रडतोस?"

मी जहाजावर नोकरी धरल्यापासून दोन वर्षं बाबा माझ्याशी बोललेले नाहीत, हे सांगायची मला लाज वाटली.

त्यांचा खोकला कसा आहे? खरं लिही. जहाज काय, पुढच्या आठवड्यातही सुटतं.

इथपर्यंत मनात वाच. पुढची ओळ त्यांना ऐकू जाईल अशी वाच.

मी रविवारी जेवायला येतोय.

तुझा
मिकेले