चावून किती वेळ झाला?

डोळखांब,
भातकापणीचे दिवस

प्रिय मनोज,

प्रोग्रॅम तपासायला मुरबाडच्या कॉलेजात तूच मला शिकवलंस, म्हणून हे आधी तुलाच सांगते.

आमच्या आरोग्य उपकेंद्रासाठी मी केलेला प्रोग्रॅम तुला आठवत असेल. कुणाला साप चावला की तो नर्सला एकेक प्रश्न विचारतो, ती उत्तर टाइप करते. प्रश्न संपले की ॲम्ब्युलन्सला आणि तालुक्याच्या दवाखान्याला आपोआप निरोप जातो. तो नीट चालतो का हे पुन्हा पुन्हा तपासणारी टेस्ट लिहिताना मी अडले होते. दर वेळी कीबोर्डवर बसणार कोण? तू म्हणालास, "माणूस बसवूच नको. उत्तरं आधी लिहून ठेव आणि कीबोर्डच्या जागी तीच त्याला दे. त्याला फरक कळत नाय." खरंच कळला नाही रे! प्रोग्रॅम विचारत होता, कुणीतरी उत्तर देत होतं, आणि मी हात मांडीवर ठेवून नुसती बघत होते.

मग तू म्हणालास, "शहाण्यासारखी उत्तरं नको देऊ. आपली माणसं बोलतात तशी दे." म्हणून 'चावून किती वेळ झाला?' याला मी लिहिलं, 'काय ठावं नाय.' टेस्ट संपेचना! आकडा मिळेपर्यंत तो तेच विचारत राहिला. मी प्रोग्रॅममध्ये बदल केला: आकडा नाही मिळाला तर अडायचं नाही, धोका मोठा धरून निरोप पाठवायचा. टेस्ट पास झाली आणि मी ते विसरूनही गेले.

गेल्या आठवड्यात दुपारी आमच्या पाड्यातल्या एकाला भात कापताना नाग चावला. बांधावर पडलेला सापडला, जीभ जड झालेली. उपकेंद्रात नवी नर्स एकटीच होती. तिने स्क्रीनवरचा प्रश्न वाचला. त्याची बायको रडत म्हणाली, "काय ठावं नाय गो." नर्सने घाबरून तेच शब्द टाइप केले. प्रोग्रॅम अडला नाही. गाडी आली, दवाखान्यात इंजेक्शन तयार होतं.

मनोज, ती रडणारी बाई माझी आई. बाबा काल घरी आले. समोर कुणीच नसताना मी लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं तिच्या तोंडून यावं, हे मला अजून झेपत नाही. प्रोग्रॅम तपासायचं हे काम सोडतो, त्याचा कुणाला काय उपयोग, असा तुझा मेसेज आला होता. फोनवर मला रडू आलं असतं, म्हणून लिहिते आहे. धसईला घरी येशील तेव्हा पुढे आमच्याकडे ये. बाबा ओटीवर बसलेले असतात. त्यांच्याशी थोडं बोल आणि मग ठरव.

तुझीच,
रुपाली